भारताची सरकारी आरोग्यव्यवस्था कशी उभी राहिली आणि पुढचं नियोजन कसं असावं?

पाया १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाचा: पैसे नसले म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि दवाखाना लोकांच्या जवळ असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यातूनच आली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशाताई दिल्या. माझ्या मते ती त्याची सगळ्यात मोठी देणगी.

नियोजन अडतं ते लोकसंख्येच्या हिशेबावर. सपाटीला ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक केंद्र. आमच्या खान्देशात अमळनेर-पारोळ्याकडे हे चालून जातं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात पाडे सातपुड्यात विखुरलेले. अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदाकाठी तर दवाखाना बोटीवर चालतो. तिथे डोकी मोजून भागणार नाही, पोचायला लागणारा वेळ मोजा.

नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, फार बरं झालं. पण २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं आणि त्यातला दोन तृतीयांश प्राथमिक सेवेला द्यायचं ठरलं होतं. तो पैसा आधी उपकेंद्रातल्या रिकाम्या जागा भरायला आणि तिथल्या सिस्टरला राहण्याजोगं क्वार्टर, पाणी, वीज द्यायला वापरा.