सुरू नव्हे, चीड!

प्रश्न : मे महिन्यात राणीखेतला गेलो होतो. आपल्या किनाऱ्यावर असतात तशीच सुरूची झाडं तिथे डोंगरभर दिसली. काहींच्या खोडाला खाचा पाडून खाली डबे अडकवले होते. ते कशाला? असं झाड परसात लावलं तर?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ती सुरू नव्हे हो, चीड! सुरू मूळची ऑस्ट्रेलियाकडची, चीड अस्सल हिमालयातली. सुरूची ‘सुई’ ओढली की पेरावर तुटते. चिडाच्या सुया वीतभर लांब, तीन-तीनच्या जुडीत.

ह्यांची लष्करातली नोकरी, त्यामुळे राणीखेतला आम्ही 6 वर्षं काढली. ते डबे लिशासाठी. लिसा म्हणजे चिडाचा चीक, मधासारखा दाट. बोटाला लागला तर साबणाने जात नाही, गोडंतेल चोळावं लागतं. तो उकळून वाफेवाटे टर्पेंटाइन काढतात. मागे राहतो बिरोजा. माझ्या मुलाच्या व्हायोलिनच्या पेटीत गजाला घासायची पिवळट वडी असायची, ती बिरोजाचीच. वार्निश, कागद, साबण यांतही तो जातो. लाकडाची फळांची खोकी आणि दारं-खिडक्या होतात. लिसा मुरलेली ढलपी तर भर पावसातही काडी लावताच भडकते. आमची चूल तिच्यावरच पेटायची.

एवढं असूनही शेजारच्या आमा (तिकडे आजीला आमा म्हणतात) चिडाचं नाव काढलं की तोंड वाकडं करायच्या. त्यांचा जीव बांजावर, म्हणजे तिकडच्या ओकवर. बांजाचा पाला गुरं खातात, चिडाच्या सुयांना तोंड लावत नाहीत. या वाळक्या सुया म्हणजे पिरूल. त्याच्या थराखाली गवत धड उगवत नाही, आणि उतारावर पाय पडला की माणूस थेट खाली! मीही दोनदा आपटले. एप्रिल ते जून वणवे लागतात ते याच पिरूलवर. चिडाची साल जाड, त्यामुळे मोठी झाडं बहुधा तगतात; बाकीची रोपं जळतात. आमा पिरूल गोठ्यात गुरांखाली अंथरायच्या आणि शेणासकट खत म्हणून शेतात टाकायच्या. आता त्याच्या कांड्या करून जाळतात, वीजही काढतात.

परसात मात्र नको. सुया कौलांच्या पन्हाळीत अडकतील आणि पावसाळ्यात शिडी लावून त्या तुम्हालाच काढाव्या लागतील.