‘आज साडी नको वाटतेय, म्हणजे माझं सगळं खोटंच होतं का?’

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या वेळा आलाय की आता समोरची मुलगी पहिलं वाक्य बोलली की पुढचं कळतं. विचारणाऱ्या असतात ट्रान्स मुली, म्हणजे जन्माच्या वेळी दाखल्यावर मुलगा लिहिलं गेलं पण आतून स्वतःला बाई म्हणूनच ओळखणाऱ्या. कोणी नवरात्र संपल्यावर येते, कोणी घरच्या लग्नानंतर, कोणी शरीर बाईसारखं करणारी हार्मोन्सची औषधं सुरू करून सहा महिने झाल्यावर. तक्रार तीच. मागच्या महिन्यात नटावंसं इतकं वाटत होतं की झोप लागत नव्हती, आणि आता कपाट उघडायचाही कंटाळा येतो, मग मॅडम मी खरी आहे की नाही?

एकीची गोष्ट सांगते. तिला रेवती म्हणू. नाव बदललंय, लिहिलेलं तिला वाचून दाखवलंय, दोन गोष्टी तिने काढायला लावल्या त्या काढल्यात.

रेवती २९ वर्षांची, मूळ कोल्हापूरकडची, पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टला. ऑफिसात आणि घरी सगळ्यांसाठी मुलगा. पहिल्या दिवशी शर्टपँटमध्ये आली, मांडीवर डब्याची पिशवी, आणि बसल्या बसल्या मला पातेल्याचं सांगायला लागली.

“बोहारणीला दिलं सगळं. चार कुडते, दोन साड्या, एक तर घडी पण मोडली नव्हती. तिनं हे एवढं पातेलं दिलं.” हाताने माप दाखवलं. “त्यात रोज चहा करतो मॅडम. रोज सकाळी तेच तोंडासमोर.”

ही तिसरी वेळ होती. आणायचं, लपवायचं, रूममेट नसताना घालायचं, मग लाज वाटून सगळं टाकायचं, आता परत नाही म्हणून शपथ घ्यायची, आणि दोन-तीन महिन्यांत ऑनलाइन सेल लागला की पुन्हा ऑर्डर. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने हे चक्र कधी ना कधी फिरवलेलं असतं, फक्त बोहारणीला देऊन पातेलं घेणारी मला ही पहिलीच भेटली.

लहानपणी घरात गौरीला साडी नेसवायचं काम हिच्याकडे. निऱ्या अशा पाडायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या, आजी म्हणायची पोराच्या हाताला वळण आहे. ते तीन दिवस कोणी काही बोलायचं नाही, तासन्‌तास काठाशी खेळलं तरी चालायचं. आणि गौरी गेल्या की वर्षभर काही नाही. दारात जोगते यायचे, म्हणजे यल्लमा देवीला सोडलेले पुरुष, साडी नेसलेले, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा ठेवलेली परडी, घेतलेले, तेव्हा ही आजीच्या मागे लपून बघत राहायची. “मला वाटायचं असं असलं की तेच व्हावं लागतंय. दुसरा रस्ताच माहीत नव्हता.”

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी तिला म्हटलं, रोज सकाळी बघ, बाईसारखं वाटण्याची, नटण्याची इच्छा किती आहे, शून्य ते दहा, लिहून ठेव. मला वाटलं निदान चित्र तरी दिसेल. कॉम्प्युटरवाली मुलगी, तिने एक्सेल केलं. तारीख, आकडा, झोप, काय घातलं, शेरा. आठच्या वर हिरवा रंग, तीनच्या खाली लाल. सहा आठवड्यांनी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “सरासरी ४.३ आली. ४.३ मध्ये बाई होता येतं का ताई?”

मॅडमची ताई झाले होते मी तोपर्यंत. आणि पंधरा वर्षं हे काम करणारी मी गप्प. कारण तिला हे परीक्षेचं वेड मीच लावलं होतं. रोज सकाळी रोप उपटून मूळ धरलंय का बघायचं आणि मग वाढत का नाही म्हणून रडायचं, तसला प्रकार.

पण शेरे वाचले. घरून स्थळाचा फोन आला की दुसऱ्या दिवशी एक किंवा दोन, ते कोणालाही कळेल. गंमत एका शनिवार-रविवारी होती. रूममेट गावाला, रान मोकळं, आणि आकडा दोन. मी विचारलं, काय केलं दोन दिवस?

“गाऊन घालून मॅच बघितली. रविवारी कपडे धुतले. आरशात पण बघितलं नाही. म्हणूनच तर म्हणतोय ना, मिळाल्यावर नको वाटलं म्हणजे खोटंच.”

मी म्हटलं, तू एकादशी करतेस? एकादशीला दिवसभर डोक्यात साबुदाणा आणि शेंगदाणेच असतात, दुसऱ्या दिवशी पोटभर जेवलं की जेवणाचा विचारही येत नाही. म्हणून कालची भूक खोटी होती असं म्हणतो का आपण? ती हसली, पण पटलं नव्हतं. दुसऱ्याचं उदाहरण ऐकायला बरं वाटतं, ते आत जात नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली, मनातले हट्टी ‘पाहिजेच’ शोधणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, जी आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली. त्यामुळे माझा कान ‘च’कडे असतो. परीक्षेत पास झालंच पाहिजे, सगळ्यांना मी आवडलोच पाहिजे. रेवतीचा ‘च’ होता, खरी असेन तर रोज वाटलंच पाहिजे. सहकारी मला यावरून चिडवतात पण मराठीत हा एक अक्षराचा रोग जितका स्वच्छ पकडता येतो तितका दुसरीकडे कुठे येत असेल असं मला वाटत नाही. असो.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. धो धो पाऊस, ही अर्धा तास उशिरा, दाढी वाढलेली, जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. खुर्चीत बसली आणि सुरू.

“सकाळपासून चिडलेय ताई. बस चुकली, भिजले, डबा घरीच विसरले. आणि मला आता काहीच वाटत नाही, ना साडी ना टिकली ना काही. थकले मी. उगाच एवढे पैसे घालवले, तुमचा पण वेळ घालवला, माझ्यात बाई वगैरे काही नाहीये.”

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग म्हटलं, बस चुकल्यावर काय झालं सांग परत.

“काय होणार, भिजले.”

“आणि?”

“डबा विसर...” आणि थांबली. बाहेर पावसाचा आवाज. माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या ओल्या बुटांकडे. पहिल्या दिवशी ‘चहा करतो’ म्हणणारी मुलगी, शून्य आकड्याच्या दिवशी, दाढीसकट, सगळं ‘ले’मध्ये बोलत होती आणि तिला पत्ताच नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

फार वेळ थोपटता आली नाही. नाक पुसून ती म्हणाली, “पण ताई, आमच्या कोल्हापूरकडं आई पण ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणती. मावशी, काकी सगळ्याच. मग त्या कोण?”

झालं. मी मोठ्या ऐटीत काढलेला पुरावा तिने एका वाक्यात परत केला. मला उत्तर सुचेना. तेवढ्यात तीच, हळू, जणू स्वतःशीच बोलली, “आईला कोणी विचारत नाही. मलाच मी विचारते, रोज.”

त्यानंतर पाच मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो. मला त्या दिवशी जे कळलं ते असं की मी तिला अजून एक चांगली परीक्षा शोधून देत होते, फक्त तिच्या बाजूची. आधी आकडे, मग क्रियापद. तिला पासचा निकाल नको होता, परीक्षाच रद्द व्हायला हवी होती. तिची आई ‘जातो’ म्हणत असली तरी बाई, गाऊनला चहाचे डाग असले तरी बाई, गेल्या दिवाळीनंतर काठपदर न नेसलेली तरी बाई.

आता ज्या मला हा प्रश्न विचारतात त्यांच्यासाठी थोडं.

इच्छा वरखाली होते त्याची कारणं बहुतेक साधी असतात. भीती वाटली की ती दबते. खूप दिवस कोंडली की उसळते. मिळायला लागलं की शांत होते, कारण जे रोजचं झालं त्याची तहान राहत नाही. आणि एक गोष्ट कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी बोलते. काहीजणींना सुरुवातीला बायकांचे कपडे घालताना लैंगिक उत्तेजनाही जाणवते. हार्मोन्स सुरू झाले, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली गेलं की कामेच्छा बऱ्याचदा कमी होते, ती उत्तेजना जाते आणि मुलगी घाबरते, म्हणजे माझं तेवढंच होतं का. ती शांतता औषधाचा परिणाम असू शकते, तिच्यावरून लगेच निकाल लावू नका. डॉक्टरांशी बोला. आणि कृपा करून केमिस्टकडून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने खाऊ नका, रक्तात गुठळी होण्याचा धोका खरा आहे. एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरकडे जा, तपासण्या करा.

टाकावंसं वाटलं तर टाकू नका, पिशवीत बांधून एखाद्या मैत्रिणीकडे तीन महिने ठेवा. हा सल्ला फार शास्त्रीय नाही पण पैसे वाचतात. आणि जो निर्णय मागे घेता येत नाही तो नऊच्या दिवशीही घेऊ नका आणि एकच्या दिवशीही नाही.

हेही सांगते की माझ्याकडे आलेल्यांपैकी सगळ्याच ट्रान्स बाई निघाल्या असं नाही. एकाला फक्त कधीमधी साडी नेसायला आवडते, बाकी तो मजेत पुरुष आहे. एकीला ना इकडचं ना तिकडचं असं राहायचंय. तेही ठीक, मला कोणालाही कुठल्या डब्यात बसवायचं नसतं. घरचे विचारतात की हे बरं होईल का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची ११वी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकलंय. आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपण कोण हे ज्याने त्याने ठरवायचं हे मान्य केलं, त्यात रोज नटायची अट कुठेही नाही. दाखल्याचे, सर्टिफिकेटचे नियम मात्र बदलत असतात, ते जाणकार वकिलाला विचारा.

रेवतीने ते एक्सेल डिलीट केलं नाही, नुसतं बंद ठेवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही, बहिणीला थोडं माहितीये. पातेलं वापरात आहे. आता दोन महिन्यांतून एकदा येते. मागच्या वेळी पूर्ण तास घरमालकाच्या तक्रारीत गेला, खोली बदलली तर तो डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतोय, भिंत आधीपासूनच ओलीची होती, फोटो आहेत. ती गेल्यावर नोट्स लिहायला बसले तर तिने त्या दिवशी काय घातलं होतं ते काही केल्या आठवेना. तेवढी ओळ सोडून दिली आणि डिपॉझिटचं लिहिलं, १८ हजार अजून अडकलेत.