आरोग्यसमता आणि लिंगविविधता: नव्या संशोधकांसाठी

या क्षेत्रात प्राध्यापकपदाच्या दिशेने निघताना आधी मोजमापाकडे लक्ष द्या, कारण बहुतेक जुन्या सर्वेक्षणांत स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने असल्यामुळे पारलिंगी व्यक्ती वेगळ्या दिसतच नाहीत. जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि आजची लिंगओळख हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारा. मात्र नमुना लहान असेल, तर तक्त्यातील एखाद-दुसरा आकडाही कोणाची ओळख उघड करू शकतो.

जुने निबंध वाचताना त्यांचे साल पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी २०१९ मध्ये संमत होऊन २०२२ पासून लागू झाली, लिंगविसंगती (जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःची लिंगओळख न जुळणे) मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली.

समुदायाचा विश्वास मिळवण्यास वर्षे लागतात आणि निवड समित्या मात्र निबंध मोजतात (हे न्याय्य आहे, असे मला वाटत नाही), म्हणून उपलब्ध विदेवर (डेटावर) आधारलेले एखादे काम समांतर चालू ठेवा. समुदायातील सल्लागारांचे मानधन अनुदानाच्या अर्जातच मांडा. विविधता समितीचे काम बहुधा नव्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडते. ते स्वीकारण्यापूर्वी बढतीच्या वेळी त्याची दखल घेतली जाईल, असे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.