एकाच कार्डावरचे दोन पंप

प्रिय मित्रा,

तुझ्या प्लांटच्या नियंत्रण प्रणालीची आय-ओ यादी, म्हणजे कोणता सिग्नल कोणत्या कार्डावरून आत-बाहेर जातो त्याची यादी, दोनदा वाचली. कंट्रोलर दुहेरी, वीजपुरवठा दुहेरी, नेटवर्कच्या केबलही दोन वेगळ्या मार्गांनी नेल्या आहेस, इथवर उत्तम. मात्र बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या चालू आणि राखीव अशा दोन्ही फीड पंपांचे स्टार्ट-आदेश तू एकाच आउटपुट कार्डावर शेजारीशेजारी ठेवले आहेस. यादी नेटकी दिसते, म्हणून मीही एकेकाळी हेच केले होते. एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात, ऐन गळीत हंगामात, रात्री ते कार्ड गेले. चालू पंप थांबला, राखीव पंपापर्यंत आदेश पोहोचलाच नाही, आणि ड्रममधल्या (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीतल्या) पाण्याची पातळी घसरून बॉयलर ट्रिप होईपर्यंत, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडेपर्यंत, पडद्यावर राखीव पंपाची ‘तयार’ ही खूण हिरवीगार होती, कारण ती दुसऱ्या कार्डावरून येत होती.

1975 साली हनीवेलची टीडीसी 2000 आणि योकोगावाची सेंटम या वितरित नियंत्रण प्रणाली आल्या, त्यामागचा विचार सगळा प्लांट एकाच संगणकाच्या भरवशावर टांगू नये हाच होता. ते वितरण कंट्रोलरपाशी थांबवू नकोस. यादीतले एकेक कार्ड पट्टीने झाक आणि उरलेल्यावर प्लांट चालतो का ते बघ. ड्रम-पातळीचे तीन ट्रान्समीटर (पातळी मोजून तिचा सिग्नल पाठवणारी उपकरणे) घेऊन मधले मूल्य वापरतोस, हे योग्यच. पण तिघेही एकाच कार्डावर असतील तर तिसऱ्याचा खर्च वाया गेला. ट्रान्समीटरचा सिग्नल शून्याऐवजी 4 मिलिअँपिअरपासून सुरू होतो तो तुटलेली तार ओळखू यावी म्हणून, तेव्हा 3.6 च्या खाली गेलेले वाचन ‘पातळी शून्य’ असे न दाखवता ‘वाचन अवैध’ असे दाखव. बॉयलरचा ट्रिप स्वतंत्र सुरक्षा प्रणालीतच राहू दे, त्यावर चर्चा नको.

अलार्मच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधील मिलफोर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, त्याआधीच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले होते. तुझ्या यादीत निम्म्याहून अधिक अलार्म ‘अतितातडीचे’ आहेत. प्रत्येकापुढे ‘ऑपरेटरने काय करावे’ असा रकाना जोड. जिथे तो भरता येणार नाही, तो अलार्म काढून नुसत्या नोंदीत टाक. हा रकाना रात्रपाळीच्या ऑपरेटरजवळ बसून भर, कार्यालयात नको.

मार्शलिंग कॅबिनेटची (प्लांटमधून आलेल्या तारा कार्डांना जोडणाऱ्या कपाटाची) रेखाचित्रे मंजुरीला जाण्यापूर्वी सुधारित यादी पाठव; त्यानंतर कार्ड बदलायचे म्हणजे तारांवरचे सगळे फेरूल (क्रमांकाच्या खुणा) आणि वायरिंग पुन्हा करावे लागेल.

तुझा,
जुना सहकारी