नाझचा 'इलमॅटिक' तीस वर्षांनंतरही लोकांना एवढा जवळचा का वाटतो?

'गली बॉय'मुळे रॅपची गोडी लागली, त्यातून अमेरिकन रॅपर नाझचं नाव कळलं, 'इलमॅटिक' ऐकला आणि बरा वाटला. पण पन्नाशीला आलेले अमेरिकन चाहते या एका अल्बमवर इतकं हळवं होऊन का बोलतात ते उमगत नाही, असं तुम्ही विचारलंय. नाचावंसं वाटेल असं एकही गाणं नाही आणि चाळीस मिनिटांत सगळं आटपतं, हेही तुम्ही म्हणताय. दोन्ही खरं आहे. बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, साधे आहेत असंही तुम्ही म्हणताय, त्यावर पुढे बोलतो. माझा हा फार लाडका अल्बम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात, पुलाच्या पायथ्याशी, क्वीन्सब्रिज हाउसेस नावाची सरकारी वसाहत आहे. १९३९ साली उभी राहिलेली, सहा मजली विटांच्या इमारतींच्या रांगा, तीन हजारांहून जास्त घरं. अमेरिकेत एवढी मोठी सरकारी वसाहत दुसरी नाही. नासिर जोन्स म्हणजे नाझ इथे वाढला. आई टपाल खात्यात नोकरीला, वडील ओलू दारा हे जॅझ आणि ब्लूज वाजवणारे. घरात पुस्तकं आणि रेकॉर्ड्स, जिन्याखाली क्रॅक या कोकेनपासून बनणाऱ्या नशेचा धंदा. आठवीतच शाळा सुटली. १९९२ मध्ये त्याचा जिवलग मित्र विल गोळीबारात गेला आणि त्याच रात्री धाकट्या भावालाही गोळी लागली. भाऊ वाचला.

अल्बम १९ एप्रिल १९९४ रोजी आला तेव्हा नाझ वीस वर्षांचा होता. वीस वर्षांच्या रॅपरने आपण किती भारी आहोत हे सांगावं, ही तर रीतच. तेही इथे आहे. मायकल जॅक्सनच्या 'ह्यूमन नेचर'च्या तुकड्यावर चढवलेलं 'इट एंट हार्ड टू टेल' अख्खं तेच आहे. पण चाहत्यांच्या मनात घर करून राहिलीय ती त्या पोराची नजर. तो वस्तीत उभा राहून बघतो आणि बघितलेलं जसंच्या तसं सांगतो. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' घ्या. गोळीबार चालू आहे, ऐन वेळी बंदूक अडकते, हा पळत इमारतीच्या लॉबीत शिरतो, तर लॉबी लहान मुलांनी भरलेली. त्या मुलांवर दोन-तीन ओळी, आणि गाणं पुढे सरकतं. ती मुलं मात्र ऐकणाऱ्याच्या डोक्यातून हलत नाहीत.

माझ्या मते अल्बमचा जीव 'वन लव्ह' या गाण्यात आहे. तुरुंगात असलेल्या मित्रांना लिहिलेली पत्रं, अशी त्याची रचना. तुला मुलगा झालाय, म्हणे तुझ्यासारखाच दिसतो; मग तुझी बाई तुला पत्र का लिहीत नाही? बाहेर कोण कोणाबरोबर फिरतंय, कोण उलटलं, कोणाचं काय झालं, अशा बातम्या. पत्रात माणूस लिहितो तशाच क्रमाने, म्हणजे काहीच क्रम न ठेवता. मग तिसऱ्या कडव्यात पत्र संपतं. नाझ दोन दिवस बाहेर राहून वस्तीत परततो, बाकावर बसतो, शेजारी बारा वर्षांचा एक पोरगा. तो पोरगा धंद्याबद्दल आणि बंदुकीबद्दल मोठ्या माणसासारखा बोलतो. नाझ त्याला चार शब्द सांगतो आणि उठतो. तुरुंगातल्यांना पत्र लिहिणाऱ्याला शेवटी पुढचा कैदी शेजारी बसलेला दिसतो. हे तो कुठेही बोलून दाखवत नाही. गाण्याची मांडणीच ते बोलते. खाली निर्माता क्यू-टिपने हीथ ब्रदर्स या जॅझ गटाच्या जुन्या रेकॉर्डमधलं, अंगठ्यांनी वाजवायचं एम्बिरा हे आफ्रिकन वाद्य लावलंय, त्यामुळे एवढ्या जड मजकुराला एक विचित्र गोडवा येतो. तुम्ही हे गाणं शब्द समोर ठेवून ऐकलं नसेल तर अल्बम ऐकला असं मी तरी म्हणणार नाही.

दुसरी जागा 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी. आज मी वीस वर्षांचा झालो, हेच केवढं भाग्य, असं नाझ त्यात म्हणतो. गाणं विरत जाताना एक कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) ऐकू येते. ती त्याच्या वडिलांनी वाजवलीय. मुखपृष्ठावर सात वर्षांच्या नाझचा चेहरा वस्तीच्या फोटोवर उमटवलाय ना, तो लहानपणचा फोटोही वडिलांनीच काढलेला.

बीट साधे आहेत म्हणता, तिथे मात्र मी अडतो. तेव्हा बहुतेक रॅप अल्बम एकाच निर्मात्याच्या हाताखाली तयार व्हायचे. इथे लार्ज प्रोफेसर, डीजे प्रीमियर, पीट रॉक आणि क्यू-टिप हे न्यू यॉर्कचे चार खंदे निर्माते एका नवख्या पोरासाठी एकत्र आले, जोडीला वस्तीतलाच एल. ई. एस. कारण १९९१ मध्ये मेन सोर्स या रॅप गटाच्या एका गाण्यात नाझने एकच कडवं म्हटलं होतं आणि तेवढ्यावर सगळ्यांचे कान टवकारले होते. 'द वर्ल्ड इज युअर्स'मध्ये पीट रॉकने अहमद जमालचा पियानो जसा फिरवलाय तो मन लावून ऐका. बीट गच्च भरले असते तर शब्द दबले असते.

आता हळवेपणाबद्दल. त्या काळात बाजार वेस्ट कोस्टच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाकडच्या रॅपर्सच्या ताब्यात होता. तिकडच्या स्नूप डॉगचा पहिला अल्बम १९९३ च्या अखेरीस आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. 'इलमॅटिक' बाराव्या क्रमांकावर आला, गोल्ड (पाच लाख प्रती) व्हायला १९९६ उजाडलं आणि प्लॅटिनम (दहा लाख) व्हायला २००१. 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाने पूर्ण पाच माइक, म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले होते, तरी तो पसरला कॅसेट कॉपी करून देणाऱ्या पोरांमुळे. ज्यांनी तो असा हातोहात मिळवला त्यांना तो स्वतःचा वाटतो. शिवाय त्या गाण्यांमधली माणसं खरी होती. २०१४ च्या 'टाइम इज इलमॅटिक' या माहितीपटात नाझचा तोच धाकटा भाऊ, टोपणनाव 'जंगल', त्या काळातला वस्तीतल्या पोरांचा एक फोटो हातात घेतो आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगत जातो: हा आत आहे, हा जन्मठेपेवर, हा आताच सुटला. तो प्रसंग बघितल्यावर 'वन लव्ह' कोणालाही पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

चाहत्यांत वादही भरपूर आहेत. कट्टर मंडळी म्हणतात, नाझने पुन्हा असं काही केलंच नाही. न्यू यॉर्कचाच रॅपर जे-झी याने २००१ मध्ये हाच टोमणा गाण्यातून मारला होता. मला हे पटत नाही. १९९६ चा 'इट वॉज रिटन' मी आवडीने ऐकतो, फक्त त्यात नाझ वस्तीबाहेर पडून पडद्यावरच्या डॉनसारखा बोलायला लागलाय. आणि 'इलमॅटिक'मध्येही 'वन टाइम फोर युअर माइंड' मला भरतीचं वाटतं. बाकी एकही सेकंद काढता येणार नाही.

२०१९ च्या 'गली बॉय'चा नाझ एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर होता आणि त्याच वर्षी मास ॲपील इंडिया या नाझच्या कंपनीच्या भारतीय शाखेने सुरुवातीला करारबद्ध केला तो मुंबईचा रॅपर डिव्हाइन, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अंधेरीच्या जे. बी. नगरचं नाव घेत रॅप करणारा डिव्हाइन ऐकून झाला असेल, तर क्वीन्सब्रिज परकं वाटायचं कारण नाही.

एकदा असं करा: हेडफोन लावा, शफल बंद करा, शब्द समोर ठेवा. पहिल्याच ट्रॅकवर रेल्वेचा खडखडाट येईल आणि मागे मेन सोर्सच्या गाण्यातलं तेच १९९१ चं कडवं ऐकू येईल. तिथून सलग ऐका. पहिल्या फेरीत अर्धी बोली कळणार नाही, चालेल. दुसऱ्या फेरीत थेट 'वन लव्ह'वर या आणि मग कसं वाटलं ते इथे लिहा, मला वाचायला आवडेल.