शेवटचा हप्ता अजून तुमच्या हातात आहे

प्रश्न : आम्ही स्वतःच्या जागेवर घर बांधून घेतलं. ठरलेल्या रकमेपैकी ८८ टक्के बिल्डरला दिले, १२ टक्के बाकी आहेत. राहायला येऊन चार महिने झाले. गच्ची गळते, न्हाणीघरातल्या टाइल्स पोकळ वाजतात, प्लास्टरला जागोजागी भेगा आहेत. बिल्डर म्हणतो, आधी उरलेले पैसे द्या, मग माणसं पाठवतो. दुसऱ्या कंत्राटदाराने सगळं नीट करून द्यायला मूळ रकमेच्या १८ टक्के सांगितले आहेत. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडावी लागेल. हे म्हणतात, कोर्टात खेचू. मला रात्र-रात्र झोप नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी तुम्हाला हवं ते उत्तर देतो. मुलीची ठेव मोडू नका. उरलेले पैसे बिल्डरच्या शब्दावर देऊन टाकू नका. आणि खटला आत्ताच भरू नका. तुमची परिस्थिती तुम्हाला वाटते तेवढी वाईट नाही.

कशी, ते बघा. घराची ठरलेली रक्कम १०० भाग धरू. ८८ गेले. दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर आणखी १८, म्हणजे १०६. घर १०० मध्ये होणार होतं. म्हणजे तुमचं खरं नुकसान १८ भागांचं नाही, ६ भागांचं आहे, कारण १२ भाग अजून तुमच्याजवळ आहेत. तुम्ही १८ चा आकडा डोळ्यासमोर ठेवून मुलीच्या ठेवीपर्यंत पोचलात. उलट आज बिल्डरला १२ दिले आणि तो फिरकलाच नाही, तर हेच घर ११८ ला पडेल. त्या १२ भागांमुळेच तो अजून तुमचा फोन उचलतो.

आता त्या १८ च्या आकड्याकडे येऊ. तो सांगणाऱ्या माणसाला ते काम मिळवायचं आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण सगळं प्लास्टर खरवडून पुन्हा करायला सांगण्यात त्याचा फायदा आहे आणि भेगा किरकोळ आहेत असं सांगण्यात तुमच्या बिल्डरचा. दोघांपैकी कोणाकडूनच काम घेणार नाही असा तिसरा माणूस हवा. म्हणजे फक्त पाहणीची फी घेऊन लेखी अहवाल देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. या सगळ्या प्रकरणात कुठे खर्च करायला मी आग्रहाने सांगेन, तर तो इथेच.

तो काय शोधेल हे थोडं समजून घ्या, कारण पैशांचा सगळा निर्णय त्यावर आहे. प्लास्टरवर केसासारख्या, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा बहुतेकदा सिमेंट जास्त पडल्याने किंवा पाणी पुरेसं न मारल्याने येतात. त्या दिसायला वाईट, पण घराला धोका नसतो. भरून रंग दिला की भागतं. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, महिन्या-महिन्याने रुंदावणारी भेग मात्र वेगळी. बीम किंवा कॉलममधल्या सळईच्या रेषेत जाणारी भेगही वेगळी. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. टाइल पोकळ वाजते याचा अर्थ बहुतेकदा खाली मसाला पूर्ण भरलेला नाही किंवा टाइल मसाल्यापासून सुटली आहे. तशा सगळ्या टाइल्सवर आजच खडूने खुणा करून फोटो काढा.

गच्चीच्या गळतीचं काम मात्र लांबणीवर टाकू नका. पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आज वॉटरप्रूफिंगचा असलेला खर्च मग स्लॅबच्या दुरुस्तीचा होतो. भांडण मिटेपर्यंत पुरावा म्हणून गळू देऊ, असा विचार केला असेल तर तो सोडा. फोटो, व्हिडिओ, तारखा, इंजिनिअरची पाहणी झाली की तात्पुरतं आच्छादन घाला आणि त्याची बिलं जपून ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काय केलं, हा प्रश्न पुढे कोणीही विचारू शकतं.

अहवाल आला की बिल्डरशी बोलणं बदलेल. 'काम वाईट केलं' हे वाक्य मागे पडेल आणि दोषांची यादी, प्रत्येकाची दुरुस्ती आणि मुदत समोर येईल. हे लेखी द्या. त्याला दुरुस्तीची संधी न देता दुसऱ्याला आत आणलं, तर तो उद्या म्हणेल, मला बोलावलंच नाही, माझे १२ भाग द्या.

तो आधी पैसे का मागतो याचाही विचार करा. बिल्डरचा नफा बऱ्याचदा शेवटच्या हप्त्यात अडकलेला असतो, आणि मजुरांची रोजची मजुरी त्याला रोख द्यावी लागते. खिशात काही नसताना तो माणसं कुठून आणणार? म्हणून सगळं अडवून ठेवण्यापेक्षा १२ भागांचे तुकडे करा. वॉटरप्रूफिंगच्या सामानाचे पैसे तुम्ही थेट दुकानदाराला द्या आणि बाकीतून वजा करा. गच्चीचं काम झालं की तिच्यावर ४८ तास पाणी साठवून ठेवा. खाली ओल आली नाही तर ५ भाग, सामानाचे पैसे त्यातूनच वजा करून. न्हाणीघराच्या टाइल्स ठोकून भरीव वाजल्या तर ३. उरलेले ४ एक अख्खा पावसाळा गेल्यावर. दर टप्प्याला इंजिनिअरची सही. हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. त्या कागदात 'यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही' असं वाक्य तो घालू पाहील. ते काढायला लावा, कारण आज न दिसणारे दोषही त्यात बुडतात.

यातही तो आला नाही, तर लेखी नोटिशीची मुदत संपल्यावर दुसऱ्याला काम द्या, पण अहवालात लिहिलं आहे तेवढंच. सगळं प्लास्टर काढायची गरज नसेल तर १८ चा आकडा बराच खाली येईल. कदाचित १२ मध्येच भागेल.

कोर्टाबद्दल. तुमच्या यजमानांचा राग मला समजतो. आयुष्यभराची बचत घातलेल्या घरात बादल्या लावून बसायचं, हे सोसवत नाही. पण भांडण आहे ६ भागांचं. समजा जिंकण्याची शक्यता दहात सहा आहे. म्हणजे सरासरीने हाती येणार साडेतीन भागांच्या आसपास. वकील, तज्ज्ञाची साक्ष, हेलपाटे यांत तीन गेले तर अर्धा भाग उरतो, तोही कधी, ते सांगता येत नाही. वकिलाकडे जरूर जा, पण दोन प्रश्न विचारायला : दावा करायची मुदत कधी संपते, आणि करारात दोष-दुरुस्ती, मध्यस्थी किंवा लवादाबद्दल काय लिहिलं आहे. मुदत हातची जाऊ देऊ नका. मात्र अहवालात बीम, कॉलम किंवा पाया सदोष निघाला, तर हा हिशेब मी स्वतः फाडून टाकेन. तिथे रक्कम मोठी असते आणि प्रश्न घरातल्या माणसांच्या जिवाचा असतो. मग लढायलाच हवं.

घरासाठी कर्ज असेल तर एक चूक कृपा करून करू नका. बिल्डरवरच्या रागाने कर्जाचे हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे, बिल्डरच्या चुकीने तो सुटत नाही. शेवटची रक्कम बँकेकडूनच बिल्डरला जायची असेल, तर तुमच्या लेखी संमतीशिवाय ती देऊ नये असं पत्र आजच द्या.

उरला वरच्या खर्चाचा प्रश्न. बीम, कॉलम, पाया ठीक निघाले, तर बाकी सगळं बिनसलं तरी तो साधारण ६ भाग, अधिक इंजिनिअरची फी. कुंपणाची भिंत, कपाटं, बाहेरचा रंग यांतलं काय वर्षभर लांबवता येईल, ते दोघांनी बसून बघा. ठेव वेळेआधी मोडली की व्याज कमी मिळतं, शिवाय मुलीचं कॉलेज घराच्या दुरुस्तीसाठी थांबणार नाही. अहवाल हाती आला की त्यातल्या प्रत्येक दुरुस्तीचा अंदाजे खर्च आणि कराराची प्रत मला पाठवा. बिल्डरला द्यायचं पत्र आपण मिळून लिहू.