दुहेरी दिवे आणि काळे आकाश

प्रश्न : मी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला आहे. मरीन ड्राइव्हवर रात्री ९ वाजता ट्रायपॉड लावून ८ सेकंदांचे छायाचित्र घेतले, तरी दिवे दुहेरी उमटले आणि आकाश काळेकुट्ट आले. काय चुकले असावे? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : दिवे दुहेरी उमटले, याचा अर्थ शटर (प्रकाश आत घेणारा कॅमेऱ्यातील पडदा) उघडे असताना कॅमेरा हलला. बहुधा बटण दाबताना बोटाचा धक्का बसला असावा. म्हणून २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा, म्हणजे बटण दाबल्यावर २ सेकंदांनी छायाचित्र निघेल, ट्रायपॉडचा मधला दांडा वर न काढता पाय रुंद पसरावेत आणि लेन्समधील स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद ठेवावे, कारण ट्रायपॉडवर काही लेन्समध्ये तेच कंपन निर्माण करते. समुद्रावरच्या वाऱ्याने कॅमेऱ्याचा लोंबता पट्टाही हेलकावे खातो, तो काढून ठेवावा.

आकाशाचे म्हणाल, तर ९ वाजता फार उशीर झालेला असतो. सूर्यास्तानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी आकाशात गडद निळाई असते आणि दिवेही लागलेले असतात. ही वेळ मुळीच दवडू नये, असे मला मनापासून वाटते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ/११ ठेवून, शटर १० सेकंद उघडे ठेवण्यापासून सुरुवात करावी. दूरचा एखादा दिवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून, तो बारीकात बारीक ठिपका दिसेपर्यंत हाताने फोकस साधावा.